मोनो उतरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

गाडीच्या नाकावरचा कंपनीचा मोनो आणि पाठीवरची नावाची अक्षरे उतरवण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांत पंपाच्या जोरदार फवाऱ्याची पद्धत सर्वांत निर्धोक मानावी लागते. तिच्यात पेचकस लागत नाही, चोरीचा आळ येत नाही, कष्ट दुसरा करतो आणि मालक स्वतः पैसे मोजून, वर "तिथे जरा जवळून मार रे" अशी सूचना देऊन बाजूला चहा पीत उभा राहतो. फळ पहिल्याच धुण्यात मिळेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. ही साधना आहे आणि तिला काही वर्षे लागतात. योग्य प्रदेश मिळाला तर ती लवकर फळते, इतकेच.

असा प्रदेश म्हणून महाड आणि पोलादपूर या तालुक्यांची शिफारस करता येते. मुंबई-गोवा महामार्ग, जुना सतरा नंबर आणि आताचा ६६, या दोन्ही गावांवरून जातो. महाडातून रायगड किल्ल्याकडे आणि वरंधा घाटाने भोरकडे फाटे फुटतात. पोलादपुरात सरळ गेले की कशेडी आणि डावीकडे वळले की आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. एकही वाट स्वच्छ गाडी परत पाठवत नाही. घाटात लाल माती आहे, खडीच्या क्रशरची भुकटी आहे. महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, त्यामुळे सिमेंट आणि डांबराचाही पुरवठा कमी पडला नाही. इतका माल अंगावर घेऊन आलेली गाडी पाहिली की मालकाला ती धुतल्याशिवाय चैन पडत नाही. ही बेचैनी हेच या पद्धतीचे मूळ भांडवल.

येथे एक शंका नेहमी काढली जाते. जून ते सप्टेंबरात जिथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे वेगळे पाणी मारण्याची गरजच काय? शंका भाबडी आहे. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने पडतो, म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटर. महामार्गावरचा ट्रकही बरे दिवस असले तर याहून जोरात जातो. उलट शंभर बार दाबाच्या पंपातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग नोझलच्या तोंडाशी सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पाण्यात पावसाच्या मानाने जवळपास अडीचशे पट जोर भरलेला असतो. घरच्या नळाचा दाब दोन-चार बार असतो. शंभर बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला शंभर किलोंहून थोडे जास्तच. पावसावर विसंबणाऱ्या मालकाचा मोनो वर्षानुवर्षे जागेवर राहतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पंपाची बदनामी करण्याचा येथे हेतू नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि ओसरताना घरादारांत, दुकानांत गाळ सोडून गेले. तसला गाळ फरशीवरून आणि जोत्यावरून हटवणे हे अशा यंत्राचे खरे काम, आणि त्या कामाला दुसरा पर्याय नाही. दगडी जोत्यावरचा गाळ आणि प्लास्टिकच्या अक्षरावरची धूळ यांत फरक करणे पंपाला जमत नाही. तो फरक बंदूक धरणाऱ्याने करायचा असतो. प्रस्तुत पद्धतीचा सारा भर त्याने तो करू नये यावर आहे.

मोनोची रचना ठाऊक असल्याशिवाय तो नीट उतरवता येत नाही. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात मोनो धातूचे असत आणि पत्र्याला भोके पाडून पिनांनी बसवलेले असत. त्यांच्यापुढे पाण्याचे काही चालत नसे. ते गंजून, पत्रा खाऊन, मालकाच्या बरोबरीने म्हातारे होत. आजचा चकाकणारा मोनो एबीएस नावाच्या प्लास्टिकचा असतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर मुलामा चढवण्याआधी ते तीव्र आम्लात बुडवतात. आम्ल त्यातले रबराचे सूक्ष्म कण खाऊन पृष्ठभागावर बारीक खळगे पाडते. त्या खळग्यांत रासायनिक क्रियेने धातूचा पहिला थर रुतवतात, मग विजेच्या मदतीने तांबे, निकेल आणि शेवटी क्रोमियम चढवतात. ज्या क्रोमियमसाठी मालक जास्तीचे पैसे मोजतो, त्याचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. काही मोनो रंगीत असतात. त्यांत रंगावर पारदर्शक थर असतो आणि त्याला केसाएवढी चीर गेली की आत शिरलेल्या पाण्याने रंग दुधाळ होऊन फुगतो.

हे सगळे गाडीला धरून ठेवते ती एक डबल टेप. दोन्ही बाजूंना गोंद असलेली, ॲक्रिलिक फोमची, मिलिमीटरभर जाडीची. काही मोनोंना मागे प्लास्टिकच्या खुंट्या असतात, पण त्या मुख्यतः जागा चुकू नये म्हणून. टेपची जात चिवट आहे. उन्हात एबीएस पोलादाच्या सहा-सात पटींनी प्रसरण पावते आणि ही रोजची ओढाताण फोम मुकाट्याने सोसतो. सरळ ओढून मोनो काढायला गेल्यास नखे तुटतील, मोनो हलणार नाही. टेपची दुखरी जागा एकच, ती म्हणजे कड. तव्यावरची भाकरी कडेखाली उलथणे घालूनच उलटावी लागते, मधोमध दाबून उलटत नाही. येथे उलथण्याचे काम पाणी करते.

यावरून कृतीचा पहिला नियम निघतो: फवारा मोनोवर समोरून कधीही मारू नये. समोरून मारलेले पाणी मोनोला पत्र्यावर दाबून धरते, म्हणजे उलटे काम होते. बंदूक पत्र्याला जवळजवळ समांतर धरावी आणि धार मोनो व रंग यांच्यामधल्या फटीत, शक्यतो एकाच कोपऱ्यावर रोखावी. नोझल फिरवून पाण्याचा पंखा बंद करावा आणि एकच सरळ धार घ्यावी. परदेशी पद्धतीच्या पंपांबरोबर रंगीत नोझल येतात: पांढरे ४० अंशांचे, हिरवे २५, पिवळे १५ आणि लाल शून्य अंशाचे. पहिली तीन पेटीतच राहू द्यावीत. यंत्रासोबतच्या पुस्तकांत अंतर निदान एक फूट ठेवण्यास सांगितलेले असते. धार जसजशी लांब जाते तसतशी हवा मिसळून ती फुटते आणि तिचा जोर झपाट्याने मरतो, म्हणूनच ती सूचना दिलेली असते. येथे चार बोटे अंतर पुरे.

वेळेची निवडही महत्त्वाची. आंबेनळी चढून-उतरून आलेल्या गाडीचे बॉनेट तापलेले असते. इंजिन बंद करून ते निवू देणे हा दुबळेपणा समजावा. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडले की पत्रा, प्लास्टिक आणि फोम आपापल्या गतीने आकसतात आणि कडेवरचा ताण क्षणात वाढतो. तेवढ्यात धार लावावी.

पाण्याआधीची आणि नंतरची तयारी अनेक जण विसरतात. महामार्गावरून उडालेले डांबराचे ठिपके मोनोवर दिसले, की रॉकेलचा बोळा फिरवावा आणि तो कडेशी मुरेल इतका वेळ तिथेच ठेवावा. गोंद मऊ होण्यास याचा उपयोग होतो. थिनर मिळाल्यास उत्तम, कारण ते प्लास्टिकचीही विचारपूस करते. धुणे संपल्यावर गाडीच्या पोटाखाली डिझेल फवारतात, त्यातला थोडा अंश बंपरवर आणि मोनोवर येईल असे पाहावे. ज्या फडक्याने चाके पुसली, त्यानेच मोनो पुसावा. चाकांवरची क्रशरची भुकटी क्रोमियमला फारसे काही करू शकत नाही, कारण ते तिच्याहून कठीण असते. पण खडी उडून जिथे आधीच टवका गेला आहे, तिथे उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर ती चांगले काम करते. टवक्याच्या तोंडाशी धार धरल्यास मुलामा पापुद्र्यापापुद्र्याने सुटून येतो. धुणाऱ्याने त्या वेळी "हे आधीचंच होतं" असे म्हणण्याची प्रथा आहे. बहुधा ते खरेही असते.

वर्षातले काही दिवस साधनेला विशेष अनुकूल. सहा जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकदिनाची गर्दी लोटते, तेव्हा धूळ असते आणि पाऊस अजून स्थिरावलेला नसतो. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या चिखलाने लाल होऊन येतात. पण खरी पर्वणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या संध्याकाळी वॉशिंग सेंटरवर रांग रस्त्यापर्यंत येते, प्रत्येक गाडीला मिनिटे कमी मिळतात, आणि मिनिटे कमी असली की बंदूक जवळ येते. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार त्याच मोनोला अडकवून दोरा करकचून बांधल्यास सैल झालेल्या कडेला आणखी मदत होते. हा धर्माचा भाग नसून दोऱ्याचा आहे.

अक्षरे कोणत्या क्रमाने जातात याचा विचार रंजक आहे. रुंद, भरीव अक्षराला टेप जास्त लागते. आय आणि एल यांसारख्या सडपातळ अक्षरांना कड जास्त आणि चिकटायला जागा कमी, म्हणून ती आधी जातात. टोकाची अक्षरे मधल्यांपेक्षा उघडी पडतात, म्हणून त्यांचा नंबर त्यानंतर. नेमकी अक्षरे गेल्यास गाडीच्या चरित्रावर नवा प्रकाश पडतो. डस्टरची शेवटची दोन गेली की डस्ट उरते, आणि रुंदीकरणाच्या टापूत त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. सुमो हे नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरे जोडून झालेले आहे. त्यातली उजवीकडची जोडी पडली, तर मुळगावकर जातात आणि सुमंत राहतात.

काही वाहने या पद्धतीस अपात्र आहेत. महाड आगारातल्या एसटीच्या पत्र्यावरची रंगवलेली अक्षरे आणि मिनीडोरच्या माथ्यावर पेंटरने कुंचल्याने काढलेले कुलदैवताचे नाव यांना सुटी कडच नसते. पाण्याने तिथे कुठून घुसावे? अशा वाहनांवर देवाचे नाव कंपनीच्या नावापेक्षा जास्त टिकते, याचे श्रेय भक्तीला द्यावे की ऑइलपेंटला, हा प्रश्न येथे सोडवण्याचा नाही. उलट काही गाड्यांत मोनो केवळ शोभेचा नसतो. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोत मागचा मोनोच डिकी उघडण्याची कडी आहे. तिथे पाणी घुसवल्यास डिकीच्या खटक्याचेही शिक्षण होते. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मोजणारे रडार काही नव्या गाड्यांत पुढच्या मोनोच्या मागे बसवलेले असते. तेथे ही पद्धत खर्चाच्या दृष्टीने फारच परिणामकारक ठरते.

साधनेत विघ्न आणणाऱ्या सवयींची नोंद करणे भाग आहे. गाडी सावलीत निवू देणे. आधी साध्या पाइपने माती भिजवून खाली जाऊ देणे. शाम्पू आणि मऊ कापडाने हाताने धुणे. मोनोच्या सांदीकोपऱ्यांत रंगाचा जुना मऊ ब्रश फिरवणे. पंप वापरायचाच तर रुंद पंख्याने, दोन-तीन फुटांवरून आणि समोरून मारणे. कडेशी साठलेले पाणी टिपून घेणे. या सवयी लागलेल्या मालकाकडून कोणतीही आशा ठेवू नये. वाईट म्हणजे त्यांना वेळही फारसा जास्त लागत नाही.

मोनो पडल्यावर पत्र्यावर दोन गोष्टी उरतात. एक, ऊन न लागलेल्या रंगाचा गडद ठसा. दोन, फोमचा चिकट थर, ज्यावर पोलादपूरपर्यंत जाईतो लाल धूळ बसून नाव पुन्हा वाचता येऊ लागते. हा थर केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून, मासेमारीचा नायलॉन दोरा मागे-पुढे ओढून आणि बोटाने चोळून काढता येतो. पाते वापरल्यास मोनोबरोबर रंगही उतरतो. ते वेगळ्या मार्गदर्शनाचा विषय आहे.

नवा मोनो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तो भर पावसात, दमट पत्र्यावर, अंगठ्याने एकदाच दाबून चिकटवावा. कोरड्या आणि स्वच्छ पत्र्यावर अशा टेपला पूर्ण ताकद धरायला बहात्तर तास लागतात. पहिल्या वीस मिनिटांत तिने जेमतेम निम्मी पकड घेतलेली असते. म्हणून मोनो चिकटवून झाल्यावर गाडी तशीच दुकानातून वॉशिंग सेंटरकडे न्यावी. रांग नसेल तर वीस मिनिटांच्या आत नंबर लागतो.