पुणे ते गुहागर, एका जुन्या जिप्सीसाठी

जुनी फोर बाय फोर गाडी शेजारच्या गल्लीत कधीच विकायला नसते. ती घाटापलीकडे असते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला पसंत पडलेली जिप्सी गुहागरला उभी असते आणि गुहागरच्या गिऱ्हाइकाला हवी असलेली नेमकी पुण्यात. त्यामुळे ही खरेदी हा मुळात प्रवासाचाच प्रकार आहे. उंब्रजला महामार्ग सोडायचा, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं आणि तिथून गुहागर. हा प्रवास पुढच्या दोनच चाकांना जोर असलेल्या साध्या हॅचबॅकमधून होतो. ती खंबाटकी आणि कुंभार्ली दोन्ही निमूटपणे पार करते, ही गोष्ट आत बसलेल्या कोणाच्याही लक्षात येत नाही.

मंडळी तीन असतात : गिऱ्हाईक, जाणकार मित्र आणि फिटर. जाणकाराकडे स्वतःची फोर बाय फोर कधीच नसते, म्हणून त्याच्या ज्ञानाला अनुभवाचा धक्का लागलेला नसतो. फिटर दिवसाची मजुरी ठरवून येतो आणि कुंभार्ली घाटापर्यंत झोपतो. निर्णय गिऱ्हाइकाने जाहिरातीतले फोटो पाहून आठवड्यापूर्वीच घेतलेला असतो. बाकीचे दोघे त्याला दुजोरा देण्यापुरते सोबत असतात.

साताऱ्यापर्यंत जाणकार इतिहास सांगतो. भारतात जीप जोडायला महिंद्रांनी १९४७ मध्ये सुरुवात केली, ती विलीजच्या परवान्यावर. मारुतीने जिप्सी आणली ती डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, २००० मध्ये तिला एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. तीस वर्षांहून अधिक काळ विकल्या गेलेल्या या गाडीचा चेहरा जवळजवळ बदललाच नाही. त्यामुळे ‘नंतरचं मॉडेल आहे’ या दाव्याचा निकाल तोंडाकडे पाहून लागत नाही, आर.सी. पाहून लागतो.

पाटणला चहा होतो आणि जाहिरातीचं वाचन होतं. या वाङ्मयाची स्वतंत्र परिभाषा आहे. ‘घरगुती वापर’ म्हणजे गाडीतून सिमेंटची पोती घरीच आणली. ‘सगळं नवीन टाकलंय’ म्हणजे सगळं एकदा मोडलं होतं. ‘मिलिटरी लिलाव’ हा शब्द ऐकून गिऱ्हाइकाची छाती विनाकारण फुगते. लष्कराच्या गाडीच्या क्रमांकात वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढे ती दाखल झाल्याच्या वर्षाचे दोन आकडे असतात. पण लष्कराने जी गाडी काढून टाकली ती तिथल्या हिशेबाने संपलेलीच असते. अशा गाडीची नागरी नोंदणी ‘होऊन जाईल’ असं कोणी म्हणालं, तर ती आजवर का झाली नाही हे चहा संपायच्या आत विचारावं.

फोर बाय फोर असं लिहिलेली प्रत्येक गाडी तशी असतेच असंही नाही. थार २०१० मध्ये आली तेव्हा तिचा दोन चाकांना जोर देणारा प्रकारही होता आणि नव्या थारचा तसा प्रकार २०२३ मध्ये आला. स्टिकर मात्र दुकानात कोणालाही मिळतो. वाकून पुढच्या आसाला डिफरन्शियलचा गोळा आहे का आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट आहे का, एवढं पाहिलं की स्टिकरची शहानिशा होते. जिप्सीच्या बाबतीत हा संशय कमी, पण वाकायचं तर आहेच.

कुंभार्ली घाटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फिटर जागा होतो, जाणकार गप्प होतो.

गुहागरला पोचल्यावर पहिली नोंद बॉनेटवर हात ठेवून करायची असते. ते गरम लागतं. मालक सांगतो, “आत्ताच मासळी आणायला गेलो होतो, भाऊ.” मासळीबाजार घरासमोर असतो. गरम इंजिन कोणतंही सुरू होतं, थंड इंजिनच खरं बोलतं. यावर एकच उपाय : व्याडेश्वराचं दर्शन घ्यावं, पोटभर जेवावं आणि दुपारी परत यावं. गुहागरात ही शिक्षा नाही. जेवून आल्यावर स्टार्टर मारला की सायलेन्सरकडे पाहावं. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल पितंय, काळा असेल तर पेट्रोल वाया जातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळत असण्याची शक्यता मोठी. ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफेसारखा झोत बाहेर आला तर फिटर ‘बॅक कॉम्प्रेशन’ असे दोनच शब्द उच्चारतो आणि मालक एकदम कोकम सरबताची चौकशी करतो.

खरी पाहणी खालून असते आणि कोकणातल्या गाडीची तर खालूनच. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा वरून शाबूत आणि आतून पोकळ होतो. वाळूत फिरवलेली गाडी गोड्या पाण्याने धुतली नसेल तर चेसीच्या पोकळीत मीठ साठतं आणि पावसाळ्यात ते आपलं काम करतं. गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला तर कौतुक करू नये, रंगाखाली काय आहे ते विचारावं. फिटर छोट्या हातोडीने चेसी ठोकत जातो. टणटण आवाज ठीक. मध्येच आवाज बद्द झाला की तिथे गंज आहे, किंवा गंजावर फासलेली लांबी आहे. पाटे जिथे चेसीला अडकतात त्या जागा, बॉडीचे माउंट आणि पायाखालचा पत्रा या तीन ठिकाणी आणखी थोडं ठोकावं. चेसीवर ठोकलेला नंबर आर.सी.शी अक्षर न् अक्षर जुळवावा. या वेळी गिऱ्हाईक गाडीला टेकून फोटो काढून घेत असतं.

आता दुसरा दांडा. गिअरच्या दांड्याशेजारी असलेल्या या छोट्या दांड्यासाठीच सगळा खटाटोप झालेला असतो आणि पाहणीत नेमका तोच राहून जातो. काच वर-खाली होते का, हे तीनदा पाहिलं जातं. दांड्याला हात लावताच मालक म्हणतो, “त्याची गरजच लागत नाही हो.” ते खरंच असतं आणि म्हणूनच दांडा अडकलेला असतो. दोन्ही हातांनी ओढल्यावर तो फोर-हायमध्ये पडतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पुढची चाकं जोर घेतच नाहीत. कारण बहुतेक जिप्सींच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतात. खाली उतरून दोन्ही हब ‘लॉक’वर घेतल्याशिवाय दांड्याचा चाकांशी काही संबंध नसतो. हे हबही बऱ्याचदा चिकटून बसलेले असतात.

चाचणी डांबरावर करू नये. या गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, शाफ्ट मात्र त्यांना एकाच गतीने बांधून ठेवतात. मग गाडी उड्या मारते आणि क्रॉस तुटायला येतात. चाचणीसाठी गावाबाहेरची तांबडी माती उत्तम. तिथे लो टाकून पहिल्या गिअरमध्ये चढावर सोडावी आणि आवाज ऐकावा. याहून खात्रीची परीक्षा जागेवरच होते. मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक जॅकने उचलायचं, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हब लॉक. फोर-हायमध्ये ते चाक हाताने फिरता कामा नये, टू-हायमध्ये फिरलं पाहिजे. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइलही काढून पाहावं. ते दुधाळ दिसलं तर गाडीने ओढे ओलांडलेले आहेत, जाहिरातीत ‘ऑफरोड नाही’ असं लिहिलेलं असलं तरी. शेवटी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन एखाद्या खड्ड्यावरून न्यावी. स्टिअरिंग थरथरू लागलं तर किंगपिनची बेअरिंगं आणि टायरॉडचे जोड तपासावेत. मालक याला ‘जिप्सीचं असंच असतं’ म्हणतो. तसं नसतं.

कागदांचं काम कंटाळवाणं पण सरळ आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी पासिंग आणि त्यासोबत पर्यावरण कर. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फेडल्याचा फॉर्म ३५. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे. इकडे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक असा खर्च जोडला की स्वस्ताई चिपळूणपर्यंतच टिकते. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीपना नवं अंग चढवण्याचा मोठा धंदा चालतो. मात्र कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. रुंद टायर आणि उंच केलेली बॉडी फोटोत शोभते, पासिंगला अडते.

घासाघीस फिटरने करावी. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर किंमत आधीच लिहिलेली असते. इसार देताना चिठ्ठी घ्यावी आणि आर.सी. स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावा, नाहीतर मागच्या मालकाची चलनं आणि पुढची भांडणं एकाच पत्त्यावर जमा होतात.

गाडी घरी आल्यावर महिन्यातून एकदा तरी मऊ मातीवर हब लॉक करून ती थोडी फिरवावी, म्हणजे दांडा मोकळा राहतो. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवताना तो दोन्ही हातांनी ओढावा लागणार नाही.