ना सोयर, ना सुतक, फक्त बोट

प्रवासाला निघालेल्या माणसाचा एक पक्का हिशेब असतो: ठिकाण पाहायचं आणि वाहन सोसायचं. ग्रीसमधल्या डीलॉस बेटापुरता हा हिशेब उलटा मांडायला हवा. शेजारच्या मिकोनोस बेटाच्या जुन्या बंदरातून सुटणारी लहानशी बोट साधारण अर्ध्या तासात डीलॉसला पोचवते. माहितीपुस्तकं हा अर्धा तास एका ओळीत उरकतात आणि घाईघाईनं संगमरवरी सिंहांकडे वळतात. माझं म्हणणं असं, की डीलॉसवर पाहण्यासारखं जे जे आहे, त्यात अजून चालू स्थितीतला अवशेष एकच, तो म्हणजे ही बोट. देवळांचे खांब आडवे झाले. अस्सल सिंह म्हातारपणी संग्रहालयाच्या सावलीत गेले आणि उन्हात बसण्याची ड्यूटी त्यांच्या नकलांना लागली. पवित्र तळं मलेरियाच्या भीतीनं विसाव्या शतकात कोरडं केलं गेलं. बोटीचा कारभार मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी होता तसाच आहे: वारा परवानगी देईल तेव्हा निघायचं, धक्क्याला लागताच रेटारेटी करायची आणि मुक्कामाचं नाव काढायचं नाही.

मुळात हे बेटच कधीकाळी बोट होतं, असं ग्रीक पुराण सांगतं. झ्यूसपासून दिवस गेलेल्या लेटोला त्याची पत्नी हेरा हिच्या धाकानं कुठलीच भूमी थारा देईना. डीलॉस तेव्हा समुद्रावर तरंगत होतं, म्हणजे नियमांच्या भाषेत ती भूमीच नव्हती. अशी पळवाट सापडल्यावरही बेटानं आधी शपथ घ्यायला लावली, की होणारा देव आपलं पहिलं देऊळ इथेच बांधेल. आजच्या बिल्डरांनी हेवा करावा असा हा करार. नऊ दिवस आणि नऊ रात्री कळा सोसून लेटोनं अपोलोला जन्म दिला, आणि तरंगतं बेट खांबांवर पक्कं झालं. पुढे इ.स.पू. 426 च्या हिवाळ्यात अथेन्सकरांनी बेट शुद्ध करायला घेतलं. होती नव्हती ती थडगी उकरून त्यांनी शेजारच्या रिनिया बेटावर हलवली आणि हुकूम काढला, की यापुढे डीलॉसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. हा हुकूम युरोपातल्या विद्वानांना तळटीप देऊन समजावावा लागतो. मराठी वाचकाला तो दोन शब्दांत कळतो: सोयर आणि सुतक. ज्या बेटाची सगळी पुण्याई एका बाळंतपणावर उभी, तिथेच बाळंतपणाला मनाई. मग दिवस भरलेली बाई आणि घटका मोजणारा म्हातारा, दोघांनाही होडीत घालून रिनियाला न्यायचं. एवढं करूनही अथेन्सचं समाधान झालं नाही. इ.स.पू. 422 मध्ये त्यांनी सगळ्या रहिवाशांनाच बेटाबाहेर काढलं, आणि पुढच्या वर्षी परत आणून बसवलं. त्यांनाही बोटीशिवाय पर्याय नव्हता.

आता रेटारेटीकडे येऊ. पायरियसहून मिकोनोसला येणाऱ्या मोठ्या फेरीत बंदर जवळ आलं, की पोटातल्या गाड्यांच्या डेकवर ट्रक आणि मोटारसायकली यांच्या मधल्या फटींत माणसं सामानासकट दाटीवाटीनं उभी राहतात. मागचा पोलादी दरवाजा धक्क्याला टेकतो न टेकतो तोच पुढचे उतरू लागतात आणि मागचे त्यांना ढकलू लागतात. ही आधुनिक माणसाची अधीरता आहे, असं म्हणणाऱ्यानं प्लूटार्क वाचावा. अपोलोच्या उत्सवासाठी शहरोशहरीची गायकमंडळं बोटीनं डीलॉसला येत. बोट लागायचा अवकाश, की काठावरचा जमाव ‘गा, गा’ म्हणून मागे लागे, आणि बिचारे गायक उतरता उतरताच डोक्यावर फुलांचा मुकुट बसवत, अंगावर झगा चढवत, सूर धरत. या गोंधळावर अथेन्सच्या निकियासनं तोडगा काढला. त्याच्या पदरी पैसा होता आणि स्वभावात देवभोळेपणा. तो आपल्या मंडळाला घेऊन आधी रिनियावर उतरला, अथेन्सहून मापानं बनवून आणलेला, सोन्याचा मुलामा दिलेला पूल रातोरात सामुद्रधुनीवर घातला, आणि पहाटे गात गात मिरवणूक पार नेली. सोबत त्यानं काशाचं खजुराचं झाडही देवाला वाहिलं. ते झाड पुढे वाऱ्यानं उन्मळलं आणि पडता पडता नॅक्सोसकरांनी उभारलेल्या महाकाय पुतळ्यालाही घेऊन पडलं. बोटीला पर्याय शोधणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पूल एका उत्सवापुरता झाला, वाऱ्याचा उत्सव मात्र दरसाल असतो.

वाऱ्यानं बोट अडली म्हणून वैतागणाऱ्याला माझं उत्तर एकच: सॉक्रेटिस. अथेन्सहून दरवर्षी एक पवित्र जहाज डीलॉसला जाई आणि ते परत येईपर्यंत नगरात कुणाला देहदंड द्यायचा नाही, असा कायदा होता. पुन्हा तेच सुतक. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी पुजाऱ्यानं त्या जहाजाच्या पाठीमागच्या टोकाला हार घातला होता. प्रतिकूल वारे लागले की ही फेरी लांबते, हे प्लेटोनंच नोंदवून ठेवलं आहे. झेनोफन सांगतो, की शिक्षेनंतर सॉक्रेटिसला 30 दिवस मिळाले. जहाज वेळेवर येणारं असतं, तर तुरुंगातल्या कितीतरी संवादांना सवड कुठून मिळाली असती? हे जहाज म्हणजे पुराणातला वीर थिसियस याचंच, असं अथेन्सकर सांगत. कुजलेली फळी काढायची आणि नवी ठोकायची, असं करत त्यांनी ते शतकानुशतकं टिकवलं, आणि ते तेच जहाज की दुसरं, यावर तत्त्ववेत्ते भांडत राहिले. आपल्याकडे निम्मे भाग बदललेली एसटी रोज धावते. तिच्यावरून कुणी भांडत नाही, कारण प्रवाशांना त्याहून निकडीचा प्रश्न खिडकीच्या जागेचा असतो.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळं खुर्चीत बसून लिहायला ठीक आहे. भर जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्टेमी सुटला, की त्या चिमुकल्या बोटीत अक्षरशः पोटातलं ओठांवर येतं, त्याचं काय? कबूल. पण हाच वारा सॉक्रेटिसच्या काळीही याच समुद्रावर वाहत होता. ओकारीची पिशवी हातात धरलेला पर्यटक त्या क्षणी प्राचीन ग्रीसच्या जितका जवळ असतो, तितका तो पुढे कुठल्याही खांबाजवळ उभा राहून जात नाही. दुसरा आक्षेप आपल्या घरचा: गेटवेहून घारापुरीला जायलाही तासभर लाँचमध्ये बसावं लागतं आणि पर्यटकाला तिथेही रात्री राहता येत नाही, मग डीलॉसचंच कौतुक का? फरक असा, की शेवटची लाँच गेल्यावर घारापुरी आपल्या गावकऱ्यांची होते. तिथे बारसं होतं आणि दहावाही होतो. डीलॉसवर शेवटची बोट गेली, की उरतात राखणदार आणि सरडे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नाटकगृह, मोझाइकच्या फरश्या, क्लिओपात्रा नावाच्या अथेनियन बाईच्या घरातले तिचे आणि नवऱ्याचे मुंडकी नसलेले पुतळे, हे सगळं तीन-चार तासांत कसं व्हायचं? एखादी रात्र राहू द्यायला काय हरकत आहे? इथे इतिहासच साक्षीला येतो. रोमनांनी इ.स.पू. 166 च्या सुमारास डीलॉसला करमुक्त बंदर केलं, आणि जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरच्या, धड पाणी नसलेल्या त्या खडकावर भूमध्य समुद्रभरचे व्यापारी घरं बांधून राहिले. इ.स.पू. 88 मध्ये रोमचा शत्रू राजा मिथ्रिडेटिस याच्या सैन्यानं आणि 69 मध्ये चाच्यांनी बेट लुटलं, तरीही काही माणसं चिकटून होती. मग व्यापाराचे मार्ग बदलले, बोटी येईनाशा झाल्या आणि बेट रिकामं झालं. दोन हल्ल्यांनी जे पुरतं साधलं नाही, ते बोटी थांबल्यानं साधलं. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस लिहितो त्याचा मथितार्थ असा, की अथेन्सहून पाठवलेले पहारेकरी काढून घेतले तर डीलॉसवर कुणीच उरणार नाही. आजची स्थिती याहून फार वेगळी नाही.

तेव्हा दुपारी भोंगा वाजल्यावर सिंहांकडे पाठ करून, टोपी सावरत धक्क्याकडे पळणाऱ्या पर्यटकाला कुणी हसू नये. हजारो वर्षं या बेटावरच्या प्रत्येक शहाण्या माणसाचा एक डोळा देवावर आणि दुसरा बोटीवर होता. त्यांतला देव केव्हाच गेला. उरलेल्या डोळ्यानं तो पर्यटक जिथे पाहतो आहे, तिथेच पाहायला हवं.