विटा मोजणारे गृहस्थ

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूला पाच-दहा गुंठ्यांचं 'फार्म' आणि त्यावर 'हाऊस' करून राहिलेले एक गृहस्थ भेटतात. एक म्हणजे एकटे नव्हेत; त्यांची जातच आहे. ओळखायची खूण सोपी. बागेत पेरूखाली दीडशे विटांचा ढीग असतो आणि ढिगावर शेवाळ असतं. हा ढीग म्हणजे त्यांचा होऊ घातलेला बार्बेक्यू, आणि तो किती वर्षं होऊ घातला आहे ते शेवाळाच्या जाडीवरून कळतं. गृहस्थांनी मोबाइलवर परदेशातले बार्बेक्यू पाहिलेले असतात, गवंड्याला दोनदा बोलावून परत पाठवलेलं असतं, धुरांडं पूर्वेला की पश्चिमेला यावर घरात अबोलाही झालेला असतो. निर्णय तेवढा बाकी असतो. मला विचाराल तर तो लांबतोय तेच बरं आहे. पनवेलच्या हवेत आणि पंचांगात विटांचा बार्बेक्यू बसतच नाही.

आधी विटांचं बघू. भारतीय मानक 1077 प्रमाणे साधी भाजकी वीट चोवीस तास पाण्यात ठेवली तर आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. तीन किलोच्या विटेला सहाशे ग्रॅम, म्हणजे दीडशे विटांना नव्वद लिटर. जून ते सप्टेंबर पनवेलचा पाऊस पिऊन टम्म झालेल्या अशा बांधकामात ऑक्टोबरच्या पहिल्या उत्साहात निखारे पेटवले, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वीट तडकते. सिमेंटचा सांधा तर त्या धगीत हळूहळू भुगाच होतो. आपल्या आज्या चूल मातीची घालून शेणाने सारवत, त्यात गरिबीइतकंच शहाणपणही होतं. भट्टीची खास वीट वापरा, वर पत्र्याची शेड घाला, असं गृहस्थ म्हणतील. घाला की! मग खालच्या सरपणाच्या कप्प्यासाठी दारही बसवा, कारण कोरडी जागा लाकडांइतकीच सापकिरडांनाही हवी असते. 2021च्या डिसेंबरात पनवेलच्याच फार्महाऊसवर सलमान खानला साप चावला होता. वीट, शेड, दार, मग बेसिन. म्हणजे दुसरं स्वयंपाकघर झालं, आणि पहिल्याचा ओटा कुठला बदलायचा हा प्रश्न घरात त्याच्याही आधीपासून पडून आहे.

आता पंचांग. पाहुणे मुंबई-ठाण्याहून येणार, म्हणजे शनिवारी रात्रीच; रविवारी संध्याकाळी त्यांना सायन-पनवेल रस्त्यावरच्या गर्दीची धास्ती असते. पण शनिवार मारुतीचा, तेव्हा निम्मे पाहुणे 'आज नाही हं' म्हणतात. पावसाळ्याचे सतरा-अठरा शनिवार गेले, त्यातच श्रावण आणि गणपती. पितृपक्षात आमंत्रणं कोणी देत नाही, नवरात्रात कोंबडी नाही. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये घामाने आधीच भिजलेला माणूस निखाऱ्यांपुढे उभा राहत नाही. पनीर आणि सिमला मिरची भाजू म्हणाल, तर त्यासाठी दीडशे विटा जरा जास्तच होतात. उरतात डिसेंबर, जानेवारी आणि थोडासा फेब्रुवारी. नेमक्या त्याच दिवसांत रायगडात वालाच्या शेंगा भरतात आणि शेताच्या बांधावर पोपटी लागते.

पोपटीला लागतं काय? एक मडकं, रानात फुकट उगवणारा भांबुर्डा, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवी तर अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. तोंडाशी भांबुर्डा कोंबून मडकं उपडं करायचं, भोवती पेंढा-काटक्या-गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं की झाली. कॅरिबियन बेटांवरच्या ज्या 'बार्बाकोआ'वरून बार्बेक्यू शब्द आला, ती मुळात काठ्यांची साधी मांडणीच होती, तेव्हा घराण्याने पोपटीच तिला अधिक जवळची म्हणायला हवी. शाकाहारी पाहुणा आला तर दुसरं मडकं. पाऊस आला तर काहीच बिघडत नाही, कारण पावसात मडकं बाहेर नसतंच.

यावर गृहस्थांचा खरा आक्षेप ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून तो मीच मांडतो. पोपटीत यजमान दिसत नाही. कोणी भांबुर्डा उपटतं, कोणी जाळ सारतं, आणि मडकं कागदावर रिकामं झालं की सगळे सारखेच खाली बसून शेंगा सोलतात. बार्बेक्यूपुढे मात्र एप्रन घालून, हातात चिमटा घेऊन एकालाच उभं राहता येतं. तीस वर्षं सोसायटीत काढलेल्या माणसाची ही भूक खरी आहे. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तर खालच्या मजल्यावरून बेल वाजायची. स्वतःच्या जमिनीवर विटेवर वीट ठेवावीशी वाटणं हा काही गुन्हा नव्हे, आणि त्याला हसणाऱ्याने एकदा आपल्या बाल्कनीतल्या कुंड्या मोजाव्यात. पण ती हौस भागवायला जाळीच कशाला? त्याच दीडशे विटांत पेरूभोवती बसायचा कट्टा होतो. तो पाऊस प्याला तरी तडकत नाही, चतुर्थीला चालतो, आणि यजमानाला त्यावर मधोमध बसताही येतं.

तेव्हा गवंड्याला तिसऱ्यांदा बोलवा, कट्ट्यासाठी. आणि मडकं आधीच आणून ठेवा. उन्हं तापली की भांबुर्डा वाळतो.