गाडी बसली, मागचं उठलं

गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली की मालकाची मान तेवढीच वर जाते. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे पडताळून बघता येईल. हॅचबॅक साधीच असते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं एकाच पिळ खाणाऱ्या तुळईवर. स्विफ्ट घ्या, पोलो घ्या, मांडणी तीच. तिला ठेंगण्या, कडक स्प्रिंगा बसतात, टायर आणि मडगार्डमधली फट बुजते, फोटो निघतात. मग एके दिवशी एक्सप्रेसवेवर पुलाच्या सांध्यावरून जाताना गाडीचं पुढचं अंग मुंबईला निघतं आणि मागचं क्षणभर बेत बदलतं.

इथून निदान सुरू व्हायला हवं. सुरू होते ती खरेदी. मागून हलते? जाड अँटी-रोल बार मागव. तरी हलते? डिकीत आडवा स्ट्रट बार टाक, फोटोत छान दिसतो. पुढच्या मानाने मागचं अंग जितकं ताठ कराल तितकं ते वळणावर आधी सुटतं. अकरावीच्या भौतिकशास्त्राला फार लांबचं नाही हे, पण पार्सल फोडताना अकरावी आठवत नाही.

पहिला प्रश्न फुकटचा आहे, म्हणून कुणी विचारत नाही: हलते ती नेमकी कधी?

एका खड्ड्यानंतर मागचं अंग दोन-तीनदा उसळत राहत असेल, तर नव्या स्प्रिंगा शॉकपला आवरत नाहीत. शॉकप कंपनीचेच, मऊ स्प्रिंगांच्या हिशेबाने बनवलेले, कारण पैसे स्प्रिंगांतच संपले. वळणात खड्डा आला की गाडी फटकन बाहेर सरकते? मग संशयित बंपस्टॉप, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणारा रबरी ठोकळा. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला उरलेली जागाही आटली. बंपस्टॉप टेकला की सस्पेन्शन एका झटक्यात कडक होतं आणि टायर हात सोडतो. शॉकपच्या दांडीवरचं रबरी टोपण वर सरकवा, दांडीला एक झिप टाय बांधा, फेरी मारून या, टाय कुठवर ढकलला गेलाय ते बघा. (इंडियन रोड काँग्रेसच्या लेखी गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीतल्या गतिरोधकाने ते कागद वाचलेले नाहीत.)

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागत असेल, तर मागचा ॲक्सलच वाकडा बसलाय का ते बघायचं. अलायनमेंटच्या मशिनवर मागच्या चाकांचे आकडे लाल दिसतात. मशिनवाला म्हणतो, ‘‘साहेब, मागचं ॲडजस्ट होत नाही.’’ खरंच होत नाही, या बीमला तशी सोयच नसते. म्हणून लाल आकडा खोटा ठरत नाही. पण पुढची चाकं हिरवी करून पावती फाडली जाते.

कॉइलओव्हर, म्हणजे नॉब फिरवून कडकपणा बदलता येणारी स्प्रिंग-शॉकपची जोडी, बसवणाऱ्यांचा थाट वेगळा. डावीकडचा नॉब सहा क्लिक, उजवीकडचा चौदा, आणि तक्रार अशी की डाव्या वळणाला गाडी निराळी वागते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एक गोष्ट दाखवली. खड्डा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना नंतर. तेव्हा मागचं अंग पुढच्यापेक्षा किंचित जलद झुललं, तर दोन्ही जवळपास एकदम शांत होतात. आपण पुढे दगड आणि मागे उशी बसवतो. मग गाडी प्रत्येक सांध्यावर मान डोलावते आणि दोष रस्त्याला जातो.

पण माझा खरा राग आहे तो बोल्टांवर. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि मिस्त्री एअर गनने कर्र करून सगळं आवळून टाकतो. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीत घट्ट धरला जातो. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं. हात वर करून माप द्यायचं आणि सदरा खांद्यात ओढतो म्हणून शिंप्याशी भांडायचं, त्यातला प्रकार. बीमचे बोल्ट खोललेच नसतील तरी सुटका नाही, रबर जुन्या उंचीवर अडून बसलेलं असतं. उपाय असा: बोल्ट सैल करा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, थोडी पुढेमागे ढकला आणि मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा. रॅम्प किंवा पिट असला की झालं. या कामाचा फोटो निघत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने अखेर हे करून घेतलं. आधी थंड टायरची हवा तपासली, मग बोल्ट. घाट उतरून आला तो खुशीत, ‘‘काका, मागचं एकदम बसलं!’’ मी म्हटलं, मग तो मागवलेला जाड अँटी-रोल बार परत पाठव. तो खोक्याकडे बघत म्हणाला, ‘‘आता आणलाय तर लावूनच टाकतो.’’