पाठवणारा मीच आहे हो!

आमच्या सोसायटीत 72 फ्लॅट आहेत आणि त्यातल्या एकालाही देखभालीचं बिल मिळत नाही. म्हणजे मी पाठवतो. सचिव या नात्यानं दर महिन्याच्या एक तारखेला, सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनवरून, ‘मा. सभासद, स.न.वि.वि.’ अशी सुरुवात करून, आधी पाण्याच्या टाकीचं, मग लिफ्टचं, मग कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचं यथास्थित निवेदन करून शेवटी बिल जोडतो. पण डोंबिवलीच्या रिक्षा स्टँडपासून आमच्या जिन्यापर्यंत कुठेही सभासद भेटला की उत्तर एकच: “मेल आलाच नाही हो.” आणि हे सांगताना चेहऱ्यावर असं समाधान, की थकबाकी यांची नसून माझी आहे असं मलाच वाटावं.

मला आधी वाटलं, थापा मारतात. माझी उभी हयात बँकेत गेली. थकबाकीदाराचा आवाज मी फोन उचलायच्या आधी ओळखतो. पण एके दिवशी हिच्याच फोनवर शोधलं तर बिल खरंच नव्हतं. होतं ते स्पॅममध्ये. वर केस उगवण्याचं तेल, खाली बिनव्याजी कर्ज, मध्ये मी. डोक्यावर पट्टी: हा मेल ज्याच्या नावानं आलाय त्यानंच पाठवलाय की नाही, याची खात्री करता येत नाही, जपून राहा. हिनं ती पट्टी मोठ्यानं वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, “चला, कोणीतरी लिहून दिलं.”

असल्या वेळी मी बंगळुरूच्या भाच्याला फोन करतो. तो संगणकातला आहे, म्हणजे नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही. त्यानं दोन मिनिटांत निदान केलं. “मामा, तुमच्या डोमेनला धड एसपीएफ नाही, डीकिम नाही, डीमार्क तर नाहीच नाही. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केलेत. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात.”

“अरे, पण आपले 72.”

“72 वाल्यालाही एसपीएफ किंवा डीकिम, एक तरी लागतंच. तुम्ही तिन्ही करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.”

अर्ध्या तासाचं काम, हे शब्द ज्यानं ज्यानं मला ऐकवले त्या सगळ्यांना एकदा जेवायला बोलावून समोरासमोर बसवावं असं फार मनात आहे.

आता हे तिन्ही काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. दुखणं जुनं आहे. मेल पोचवण्याची पद्धत 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली, तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजकी, बहुतेक विद्यापीठांतली आणि संशोधनातली मंडळी होती. तिथं पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं मानायचं, असा शिरस्ता पडला. म्हणजे मी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या नावानं मेल पाठवला तरी त्या पद्धतीत मला अडवणारं कोणी नव्हतं. (बँकेत होतो तेव्हा हे ठाऊक असतं तर एक-दोन बदल्या नक्की टळल्या असत्या.) पुढं चोर वाढले तशी ठिगळं लावत गेले. पहिलं ठिगळ एसपीएफ. आमच्या गेटवर वॉचमनकडे घरकामाच्या बायकांची यादी असते ना, तशी ही यादी: आमच्या नावानं अमुक-अमुक सर्व्हरच मेल घेऊन येतील, बाकीच्यांना ओळखत नाही. दुसरं डीकिम. मेल निघतानाच त्याच्यावर एक गणिती सही होते. सहीची गुप्त किल्ली पाठवणाऱ्या सर्व्हरकडे आणि ती पडताळण्याची उघडी किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, कोणीही बघावी अशी. सही झालेल्या मजकुरात वाटेत कोणी फेरफार केला की सही जुळत नाही. तिसरं डीमार्क. वाचणाऱ्याला दिसणारं डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळलं पाहिजे, आणि नाही जुळलं तर मेलचं काय करायचं याची सूचना त्यात असते: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. वर रोजचा अहवाल कुठं धाडायचा तेही त्यातच.

हे सगळं डोमेनच्या पॅनेलमध्ये भरायचं. पॅनेलचा पासवर्ड माजी सचिवांकडे. आणि माजी सचिवांना मीच निवडणुकीत पाडलेलं.

ते सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहेत. व्हॉट्सॲपवर त्यांना आधी गुडघ्यांची विचारपूस, मग नातवाच्या बारशाचे फोटो, मग ‘आपल्या काळात कारभार कसा चोख होता’ हा माझा स्वतःच्या हातानं टाइप केलेला मजकूर, एवढं झाल्यावर पासवर्ड मिळाला. पण आत शिरायला ओटीपी हवा आणि तो जाणार त्यांच्या मेलवर. आमची सकाळ म्हणजे त्यांची झोप. शेवटी ते रात्री जागले, मी पहाटे उठलो, ओटीपी पाठवला गेला, आणि ते म्हणाले, “आला नाही.” पुन्हा पाठवला. आला नाही. पुन्हा. मग त्यांच्या सुनेनं फोन हातात घेतला. सगळे ओटीपी त्यांच्या स्पॅममध्ये होते.

आत शिरलो. एसपीएफची ओळ भाच्यानं पाठवली होती ती टाकली, सेव्ह केली, हिला चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत भाच्याचा फोन. पॅनेलमध्ये एक जुनी एसपीएफ ओळ आधीच होती, माजी सचिवांच्या काळातली, आणि मी शेजारी दुसरी टाकली. नियम असा, की एका डोमेनला एसपीएफ एकच. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. आतापर्यंत निदान मोडकी यादी होती, मी ती रीतसर रद्द करून दाखवली.

दोन्ही ओळी एकत्र करायच्या ठरल्या. हे नाजूक काम पॅनेलच्या चिमुकल्या खिडकीत कसं करणार, म्हणून मी वर्डमध्ये नीट मोठ्या अक्षरांत केलं आणि मग चिकटवलं. ओळीच्या शेवटी ‘मायनस ऑल’ लागतं, म्हणजे यादीबाहेरचा एकही नको. वर्डला माझा तो बारका मायनस काही पसंत पडला नाही. त्यानं शुद्धलेखनाच्या हौसेनं त्याचा लांब डॅश करून टाकला. दिसायला सुरेख. संगणकाला मात्र तो मायनस वाटेना. मी चष्मा पुसून पुसून दोन्ही ओळी ताडून पाहिल्या, अक्षर न् अक्षर तेच, तरी चूक. अख्खी संध्याकाळ मी एका रेघेच्या लांबीपायी घालवली. बँकेत ताळेबंद एक रुपयानं चुकला की रात्री दहापर्यंत थांबायचो, पण तिथं निदान ओव्हरटाइम मिळायचा.

डीकिमची गोष्ट वेगळी आहे, त्यात हिचाही हात आहे. कागदावर नसलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, म्हणून ती उघडी किल्ली मी छापून घेतली. 2048 बिटांची किल्ली. जवळपास 400 अक्षरं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, अर्थ नाही, यमक नाही. मी टाइप करणार, ही मेथी निवडता निवडता वाचणार, असं ठरलं.

“एम, आय, आय, बी, आय, जे...”

“जे मोठा की छोटा?”

“छोटा. सुरुवातीला बाकी बहुतेक मोठेच आहेत.”

“पुढं?”

“पुढं एल आहे. किंवा आय. किंवा एक.”

“अगं, नक्की काय?”

“तुम्हाला काय पाहिजे?”

मी एल घेतला. मग एक तिरकी रेघ आली, ती खरी रेघ की मेथीचं देठ यावर चर्चा झाली. देठ होतं. मग कुकरची शिट्टी झाली, ही उठली, आणि परत आल्यावर आम्ही नक्की कुठल्या ओळीवर होतो याविषयी आमच्यात जे मतभेद झाले ते इथं देत नाही. रात्री भाच्यानं फक्त एवढंच विचारलं, “मामा, कॉपी-पेस्ट का नाही केलंत?” या प्रश्नाला उत्तर नसतं.

कॉपी-पेस्ट केलं तर पॅनेल रुसलं. डीएनएसमध्ये एका सलग तुकड्यात 255 च्या वर अक्षरं बसत नाहीत. किल्लीचे दोन तुकडे करून प्रत्येकाला सरळ अवतरणचिन्हं लावायची. चिन्हं मी वर्डमध्ये लावली. वर्डनं ती वाकवली. ती सरळ केली तर नावाच्या रकान्यात घोटाळा: मी भाच्यानं दिलेला पूर्ण पत्ता सोसायटीच्या डोमेनसकट भरला आणि पॅनेलनं आपल्या पद्धतीप्रमाणे त्याच्यापुढं डोमेन आणखी एकदा जोडलं. आमची उघडी किल्ली अशा पत्त्यावर जाऊन बसली जिथं जगातला कुठलाही सर्व्हर कधीही तिचा शोध घेणार नव्हता. दुरुस्ती केल्यावर वाट पाहा म्हणाले, डीएनएसचा बदल जगभर दिसायला 48 तास लागू शकतात. रात्री पाणी प्यायला उठल्यावर माणूस घड्याळ बघतो. मी डीएनएसमधली ती नोंद बघत होतो.

आता राहिलं डीमार्क. भाच्यानं बजावलं होतं, सुरुवातीला ‘नन’ ठेवा, म्हणजे कारवाई शून्य, नुसते अहवाल येऊ द्या. महिनाभर ते वाचा आणि मगच पुढची पायरी. पण एवढं सोसल्यावर ‘नन’? जो आमच्या नावानं खोटे मेल धाडेल त्याला मी सोडणार नव्हतो. थेट ‘रिजेक्ट’ टाकलं. छाती भरून आली.

त्या महिन्याची बिलं मी न पाठवता बिलिंगच्या नव्या सॉफ्टवेअरनं परस्पर पाठवली. आमच्याच नावानं, पण त्याच्या सर्व्हरवरून. तो सर्व्हर यादीत नव्हता, त्याची सही आमची नव्हती. सगळीच्या सगळी बिलं दारातूनच परत. स्पॅममध्येसुद्धा नाहीत. आता मात्र “मेल आलाच नाही” हे 72 ही फ्लॅटना छातीठोक सांगता येत होतं, आणि त्याचा पुरावा मी सोसायटीच्या खर्चानं तयार केला होता.

तशी मला मोठी सोबत आहे. एप्रिल 2014 मध्ये खुद्द याहूनं आपल्या डोमेनवर असंच ‘रिजेक्ट’ लावलं, आणि याहूच्या पत्त्यावरून जगभरच्या मेलिंग लिस्टांवर लिहिणाऱ्यांचे मेल धडाधड परत येऊ लागले. हे मी कार्यकारिणीत सांगितलं. खजिनदार म्हणाले, “याहूकडे लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल थकलेलं नव्हतं.”

मुकाट्यानं ‘नन’वर आलो आणि अहवाल वाचायला बसलो. हे अहवाल सकाळी येतात, झिप करून, एक्सएमएल नावाच्या भाषेत. कंसांच्या जंगलात कुठंतरी एक आकडा आणि ‘पास’ नाही तर ‘फेल’. मी ते छापून फाइलला लावले. एका अहवालात एक अनोळखी सर्व्हर आमच्या नावानं मेल पाठवताना दिसला आणि मी तातडीची बैठक बोलावली. सायबर पोलिसांकडे जायचं का, यावर मत घ्यायची वेळ आली तेव्हा ए विंगमधल्या एका तरुण सभासदानं हात वर केला. तो सोसायटीचे मेल ऑफिसच्या पत्त्यावर घेतो आणि तिथून आपोआप घरच्या पत्त्यावर वळवतो. वळवलेला मेल वळवणाऱ्याच्या सर्व्हरवरून जातो, त्यामुळे एसपीएफला तो उपरा वाटतो; डीकिमची सही मात्र शाबूत राहते. म्हणजे त्या इमारतीत माझे मेल आवर्जून दोन-दोन ठिकाणी घेणारा जो एकमेव सभासद होता, त्याच्यावरच मी पोलीस घालायला निघालो होतो.

शेवटी बिलिंगवाल्याचा सर्व्हर यादीत आला, त्याच्या मेलवर आमची सही आली, आणि एका सकाळी हिच्या फोनवर मेलचा मूळ मजकूर उघडला तर एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. मी त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. मॅट्रिकचा निकालही मी असा लावला नव्हता; तो तसा लावण्यासारखाही नव्हता.

तरीही काही घरांत बिल स्पॅममध्येच जाई. मी बी विंगमधल्या वहिनींना गाठलं आणि तिन्ही पास असल्याचं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊजी, ते मीच दाबते.”

“काय?”

“ते स्पॅमचं बटण. तुमचा मेल फार लांब असतो हो. टाकी, लिफ्ट, कबुतरं... बिल येईपर्यंत भाजी करपते. आमच्या मजल्यावर सगळेच दाबतात.”

भाच्याला सांगितलं तर तो हसतच सुटला. म्हणाला, मोठ्या पाठवणाऱ्यांनी अशा तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात असा गूगलचा दंडक आहे. आमच्या 72 जणांत एकट्या वहिनींनी बटण दाबलं तरी 1.4 टक्के होतात. तिन्ही ठिगळांचं काम एवढंच, की मेल खरोखर मीच पाठवला हे सिद्ध करायचं. ते आता पक्कं सिद्ध झालंय, आणि लोकांची नेमकी हरकत त्यालाच आहे.

तर तुमच्या सोसायटीचं डोमेन असेल तर एवढं करा: एसपीएफची ओळ एकच ठेवा, वर्डला जवळ फिरकू देऊ नका, डीमार्क ‘नन’वर ठेवून आधी आपल्या नावानं कोण कोण मेल पाठवतं ते बघून घ्या, आणि बिल पहिल्या ओळीत लिहा. राहता राहिली वार्षिक सभा. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस 14 दिवस आधी द्यायची. आमची यंदाची नोटीस मेलनं गेलीच, शिवाय प्रत्येक जिन्यात चिकटवली आहे. त्यात सचिवपदाची निवडणूक हा विषय क्रमांक चार आहे. इच्छुकांनी कृपया समक्ष भेटावं. मेल करू नये.