खिशातलं गाणं कोणाचं?

खिशात मावणाऱ्या एमपीथ्री प्लेअरचा इतिहास सांगताना मेगाबाइट आणि गिगाबाइटच मोजले जातात. मला त्यात दुसराच हिशोब दिसतो. यंत्र मोठं होत गेलं आणि ऐकणाऱ्याचा हक्क लहान होत गेला.

सुरुवात झाली १९९८ साली. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ बाजारात आणला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा ‘रिओ’ आला. रिओची क्षमता ३२ मेगाबाइट. बऱ्या दर्जाची गाणी भरली तर जेमतेम अर्धा तास. एवढ्याशा यंत्राला घाबरून अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि १९९९ मध्ये अपिलात हरली. आपल्या संगणकावर असलेलं गाणं बरोबर नेता यावं म्हणून प्लेअरमध्ये घेणं हा खासगी वापर आहे, असं न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं. प्लेअरचा धंदा पुढे उभा राहिला तो या निकालाच्या जोरावर.

ऑक्टोबर २००१ मध्ये अ‍ॅपलने आयपॉड आणला. पाच गिगाबाइटची इवलीशी हार्डडिस्क आणि हजार गाणी. २००३ मध्ये कंपनीने गाण्यांचं ऑनलाइन दुकानही उघडलं, ९९ सेंटला एक गाणं. पण त्या गाण्याला कुलूप होतं. दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर ते वाजायचं नाही. ग्राहक कुरकुरले, प्रतिस्पर्धी कुलपाशिवाय विकू लागले, तेव्हा कुठे २००९ मध्ये दुकानातल्या सगळ्या गाण्यांचं कुलूप निघालं. ग्राहकाने मिळवलेला हा दुसरा विजय.

आणि मग आपण दोन्ही विजय आपण होऊन परत केले. फोन आला, इंटरनेट स्वस्त झालं, स्ट्रीमिंगची सवय लागली. मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने शेवटचा आयपॉडही बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता कोट्यवधी गाणी हाताशी आहेत आणि त्यांतलं एकही आपलं नाही. आपण भाडेकरू आहोत, आणि घरमालकाने दुकान गुंडाळलं की आपलं सामानही त्याच्याबरोबर जातं.

हे आपल्याकडे घडून गेलं आहे. पुण्याच्या भावंडांनी सुरू केलेलं ‘धिंगाणा’ हे गाणी ऐकवणारं अ‍ॅप २०१४ मध्ये अचानक बंद पडलं. २०२४ मध्ये एअरटेलने आपलं तसंच अ‍ॅप ‘विंक’ आवरतं घेतलं. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या, प्रवासासाठी साठवून ठेवलेली गाणी, सगळं त्या अ‍ॅपपुरतं होतं. आता याच्या शेजारी फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ ठेवून बघा. हे एमपीथ्रीचं दुकान २०१२ मध्ये उघडलं आणि वर्ष-दीड वर्षात बंदही झालं. पण तिथे घेतलेल्या फायलींना कुलूप नव्हतं. ज्याने त्या जपून ठेवल्या, त्याच्याकडे ती गाणी आजही वाजतात. दुकान गेलं, माल राहिला. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचो, ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. ती बहुतेक चोरीच होती, आणि त्यात गायकाला, संगीतकाराला, वादकाला एक पैसा मिळत नव्हता. माझं म्हणणं उलट आहे. पैसे घ्या, पण त्या बदल्यात फाइल द्या. महिन्याची वर्गणी मागणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये आवडतं गाणं कायमचं विकत घेण्याची सोय असली पाहिजे. आणि अ‍ॅप बंद होणार असेल तर निदान आपली यादी बरोबर नेता आली पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. घरात नाट्यगीतांच्या, अभंगांच्या, भावगीतांच्या विकत घेतलेल्या कॅसेट आणि सीडी असतील, तर त्यांच्या फायली करून दोन ठिकाणी ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही खासगी वापरासाठी उचित जागा ठेवलेली आहे. जे गायक-वादक स्वतःचं संगीत थेट विकतात, त्यांच्याकडून ते विकत घ्या. पन्नासच गाणी असोत, पण ती अशी असोत की कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदावर त्यांचं आयुष्य अवलंबून नसेल.