पंधरा की वीस?

गणपतीपुळ्याच्या देवाला प्रदक्षिणा घालायची म्हणजे अख्ख्या डोंगराला घालायची. डोंगर हाच देव, त्यामुळे वाट चांगली किलोमीटरभराची, आणि एकदा निघालं की अर्ध्यावरून मागे फिरायचं नाही. या शेवटच्या कलमाचा पुरेपूर फायदा जर कोणी घेतला असेल तर आमच्या आप्पांनी. समुद्राकडच्या बाजूला ते माणसाला गाठतात. उजव्या हाताला देव, डाव्या हाताला समुद्र, मागे फिरावं तर पाप आणि पुढ्यात आप्पा.

"काय, ठरलं का मग?"

जसं काही ठरवायचं मलाच होतं.

"कशाचं, आप्पा?"

"शाफ्टचं रे. पंधरा की वीस?"

असा एक आप्पा तुमच्याही ओळखीत असणारच. तुमचा कदाचित फ्लॅट बघत असेल, किंवा भाचीसाठी स्थळं, किंवा चार दुकानांत हात लावून मिक्सर. बघतोय, बघतोय आणि बघतोयच. आमचा आप्पा अॅल्युमिनियमची मासेमारीची होडी बघतो, आणि तिला मागे लावायची मोटार. एस.टी.च्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून २०११ साली निवृत्त झाला, आणि हार-नारळ घेऊन घरी आला तो "आता होडी घ्यायची" असं म्हणतच. तेव्हापासून आजतागायत घेतोय.

शाफ्टचा मामला एकदा सांगून टाकतो, म्हणजे मी काय भोगलंय ते कळेल. आउटबोर्ड मोटार होडीच्या मागच्या फळीला वरून अडकवतात आणि तिचा पाय खाली पाण्यात सोडतात. हा पाय साधारण दोन मापांत येतो, १५ इंच आणि २० इंच. आखूड पडला तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि मोटार नुसती किंचाळते. लांब झाला तर पाणी अडवतो, शिवाय किनाऱ्याजवळ खडपाला आपटतो. म्हणजे होडीची फळी किती उंच, तेवढा पाय. आता तुम्ही म्हणाल, मग आधी होडी घ्यावी, फळी मोजावी आणि मोटार आणावी. असं मीही एकदा म्हणालो होतो. आप्पांनी माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं की मी भर उन्हात गार पडलो. "अरे, मोटार किती वजनाची हे ठरल्याशिवाय होडी कशी ठरणार? टू स्ट्रोक घेतली तर हलकी, फोर स्ट्रोक घेतली तर होडीची शेपूट पाण्यात. आधी मोटार!" होडी ठरल्याशिवाय मोटार नाही आणि मोटार ठरल्याशिवाय होडी नाही, अशा या रिंगणात आप्पा इतकी वर्षं फिरताहेत. त्या मानाने आमची प्रदक्षिणा लवकर संपते.

खिशात मेजरटेप कायम. चहाच्या टपरीचा बाकडा, सलूनची खुर्ची, बँकेचं काउंटर, जे फळीसारखं दिसेल ते मोजतात आणि पंधरात बसतं की विसात ते जाहीर करतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरा-नवरी स्टेजवर बसलेली असताना हे मागून स्टेज मोजत होते. "अठरा," म्हणाले, "कामाचं नाही," आणि जेवायला गेले. नवरीच्या मामाने ते ऐकलं आणि वरातीपर्यंत तोंड पाडून बसला. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात एकदा काव्यवाचनाला एक कवी आले होते. त्यांनी होडीवरची कविता म्हटली, आयुष्य, किनारा, वल्हं, सगळं साग्रसंगीत. प्रश्न विचारा म्हटल्यावर आप्पा उठले. मी डोळे मिटून घेतले. "होडीची मागची फळी साधारण किती धरलीत?" कवी म्हणाले, ती होडी प्रतीकात्मक आहे. आप्पा बसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे मोजलेलीच नाही."

त्यात हे अॅल्युमिनियमचं खूळ. आमच्या किनाऱ्याला लाकडाच्या होड्या झाल्या, आता फायबरच्या आहेत. अॅल्युमिनियम आपल्याला माहीत ते स्वयंपाकघरातलं, आणि त्यालाही जुनी माणसं जर्मनच म्हणणार. जयगडच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला आप्पांनी तासभर समजावलं. बारा फुटी होडी दोघं-तिघं सहज उचलतात, जेटी नसलेल्या पुळणीवर हे केवढं सुख. आपटली तर पोचा येतो, फुटत नाही. मॅग्नेशियम घातलेला ५०५२ किंवा ५०८३ नंबरचा पत्रा घेतला तर खारं पाणीही सोसतं. तांडेलाने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "ता सगला खरा. पन त्या जर्मनच्या टोपात मासं धरायचं का भात शिजवायचा?" गावात त्या दिवसापासून आप्पांच्या नसलेल्या होडीला टोप हे नाव पडलं. "टोप कधी येतोय?" असं लोक विचारतात. आप्पांना त्याचं काही वाटत नाही. "येईल, घाई करून चालत नाही."

हे खूळ आलं मिनेसोटातून. आप्पांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकींचा भाचा तिथे नोकरीला आहे. दहा हजार तळ्यांचं राज्य असं तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं. भाच्याने हौसेने एक जुनी अॅल्युमिनियमची होडी घेतली आणि दारात उभी केलेली असताना फोटो पाठवला. बिचाऱ्याची तेवढीच चूक. पुढच्या जानेवारीत एका सकाळी आप्पांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि होडीची फळी मोजायला सांगितलं. तिथे रात्र, होडी बर्फाखाली. भाचा काकुळतीला आला, "काका, बाहेर मायनस वीस आहे हो!"

आप्पा आमच्याकडे वळून विजयाने म्हणाले, "बघ! वीस!"

आउटबोर्ड मोटारीचा इतिहास त्यांना घराण्याच्या इतिहासासारखा पाठ आहे. ओले एव्हिनरूड नावाचा एक नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन होता. १९०६ च्या उन्हाळ्यात वाग्दत्त वधूला आईस्क्रीम हवं झालं म्हणून तो तळ्यावर वल्हवत गेला, परत येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं, आणि त्या संतापात त्याने होडीला मोटार लावायचं मनावर घेतलं, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याच्या मोटारी बाजारात आल्या. आप्पा ही गोष्ट सांगताना एव्हिनरूडचा उल्लेख "आपला ओले" असा करतात. २०२० च्या मे महिन्यात त्या कंपनीच्या मोटारी बनवायचं बंद झालं. लॉकडाउनचे दिवस, जो तो आपापल्या जिवाच्या काळजीत, आणि आप्पा पडवीत गुडघे जवळ घेऊन बसलेले. काकींनी घाबरून मला बोलावलं. मी लांबूनच, तोंडाला फडकं बांधून विचारलं, "कोण गेलं?" म्हणाले, "एव्हिनरूड." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही त्याची मोटार घेणार होतात का?" म्हणाले, "यादीत चौथी होती."

पण कळस झाला तो तांब्याचा. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला तांबं टेकलं की अॅल्युमिनियम झिजतं. दोन धातू आणि मीठ म्हणजे झाली बॅटरी, आणि त्या जोडीत मरायचं अॅल्युमिनियमनेच. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात एखादं तांब्याचं नाणं पडून राहिलं तरी पत्र्याला भोक पडू शकतं. म्हणून तर जस्ताचा तुकडा मुद्दाम बळी द्यायला बाहेरून लावतात. हे वाचल्यापासून आप्पांनी घरातलं तांबं हद्दपार केलं. काकींच्या माहेरची कळशी माळ्यावर गेली, घंगाळ गेलं, देवाची पळी-पंचपात्रीसुद्धा स्टीलची आली. जी होडी नाही तिला भोक पडेल म्हणून! नारळी पौर्णिमेला गावातल्या पोरांच्या होडीची पूजा चालली होती, फायबरच्या होडीची, तर भटजींच्या हातातलं तांब्याचं ताम्हन बघून हे मागून ओरडले. भटजींना वाटलं मंत्र चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि भरती निघून गेली.

मी स्वतः स्कूटर पंधरा मिनिटांत घेतली. रंग आवडला, सही केली. ती गेली तीन वर्षं दर पावसाळ्यात निवळीच्या घाटात बंद पडते. हे मी आप्पांना कधीच सांगितलेलं नाही, पण त्यांना ठाऊक आहे. कारण दर वेळी ती दुरुस्त तेच करतात.

तर गेल्या दिवाळीनंतर मालगुंडकडच्या एका कॉटेजवाल्याने पुण्याहून चक्क अॅल्युमिनियमची होडी आणली. धरणावर वापरलेली, बारा फुटी, रिवेट मारलेली. मोटार नव्हती. "बघून सांगा" म्हणून आप्पांना निरोप आला आणि आप्पा धुतलेला शर्ट घालून गेले. साक्षीदार मी. त्यांनी होडी चिऱ्यांवर चढवून घेतली आणि नळी लावून आतच पाणी भरायला सांगितलं. कॉटेजवाला हबकला, "होडीत पाणी?" पण बरोबर होतं त्यांचं. पाणी भरलं की कुठला रिवेट ढिला आहे ते बाहेरून थेंबाथेंबाने दिसतं. आप्पा जमिनीवर आडवे झाले, पाठीला चिखल, आणि एकेका रिवेटखाली बोट फिरवू लागले. तीन ठिकाणी खडूने गोल केले. पाणी सोडलं, होडी पुसली. मग उठून खिशातून टेप काढली. माझ्या छातीत धडधडायला लागलं हो. इतक्या वर्षांत टेप पहिल्यांदा खऱ्या फळीला लागत होती.

त्यांनी मोजलं. चष्मा पुसला. परत मोजलं. मग टेप माझ्या हातात दिली.

साडेसतरा.

ना पंधरा, ना वीस. बरोबर मधोमध. आप्पा काही बोलले नाहीत. चहासुद्धा न घेता निघाले.

चार दिवस ते प्रदक्षिणेला आले नाहीत. मी एकट्यानेच, शांतपणे, लाटांचा आवाज ऐकत फेरी पुरी केली. ज्या सुखासाठी मी नवस बोललो असतो ते फुकट मिळत होतं. चौथ्या दिवशी, फेरीला पंधरा मिनिटं लागली की वीस, ते मी घड्याळात बघतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मात्र मी सरळ त्यांच्या घराकडे वळलो.

त्या पडवीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, इतका वेळ मी टाळत होतो. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की तिथे पोरांच्या मोटारी रांगेने येऊन पडतात. आप्पा त्या उघडतात, गोड्या पाण्याने धुतात, कार्ब्युरेटर साफ करतात, ग्रीस भरतात. पैसे घेत नाहीत, हंगामाला चार बांगडे घेतात. एका रात्री जयगडच्या खाडीच्या तोंडाशी दोन पोरं बंद मोटारीनिशी वाहायला लागली होती. ओहोटी बाहेर ओढत होती. त्यांनी घरच्यांच्या आधी आप्पांना फोन लावला. आप्पांनी अंथरुणात उठून बसत एकच विचारलं, "बंद पडायच्या आधी मोटार मुतत होती का?" थंड करायला ओढलेल्या पाण्याची बारीक धार मागून पडत राहते, तिला आमच्याकडे दुसरा शब्द नाही. नव्हती पडत. "मग पंख्याच्या वर हात घाल. पिशवी अडकली असेल." पिशवीच होती, शेव-चिवड्याची. ती काढून, मोटार निवेपर्यंत पोरांना कसं वल्हवायचं ते सांगत आप्पा पाऊण तास फोनवर होते. आम्हाला हे कळलं काकींकडून. आप्पांनी त्यातलं सांगितलं एवढंच, की त्या पोरांची मोटार लाँग शाफ्ट होती.

एक गोष्ट मात्र ते खरोखरच एकदाच बोलले, तेही कार्ब्युरेटरमध्ये तोंड घालून. त्यांच्या वडिलांची आंब्याच्या लाकडाची होडी होती. यांच्या आयटीआयच्या फीसाठी ती विकली. गिऱ्हाईक सकाळी आलं, वडिलांनी किंमत सांगितली, त्याने मान हलवली. पाच मिनिटं लागली असतील.

घरी गेलो तर आप्पा नव्हते. काकी म्हणाल्या, "टोपाकडे." कॉटेजवाल्याच्या आवारात पोचेपर्यंत दिवेलागणी झाली होती. होडी तशीच चिऱ्यांवर. शेजारी फणसाच्या लाकडाची एक पिवळीधमक फळी, रंधा मारून ठेवलेली. मी टेप न लावता सांगतो, अडीच इंच. आणि आप्पा होडीत बसलेले. चपला खाली काढलेल्या, तोंड नाळेकडे, डावा हात मागे वळवून मोटारीच्या दांड्यावर, म्हणजे दांडा असता तिथे. मूठ हळूहळू पिळत होते.

मला बघून दचकले नाहीत, उलट चेहरा उजळला. "अरे, ये. मी काय म्हणतो, ही फळी वर चढवली की झाले वीस. पण खाली अडीच कापली की पंधरा! म्हणजे बघ, दोन्ही होतात."

"मग काय करायचं?"

"तेच तर. घाई करून चालणार नाही." आणि मग सरकून जागा करत म्हणाले, "बस. मधे बस, एका बाजूला कलू नकोस. आणि खिशात पाचचं नाणं असेल तर बाहेर ठेव, त्यात तांबं असतं. एक-दोनची चालतील, ती स्टीलची."

मी खिसे चाचपले. पाचचं एक निघालं, ते चिऱ्यावर ठेवलं, चपला काढल्या आणि मधे बसलो.